एकोणीस प्रकरणं आणि चार दात

एकोणिसावं प्रकरण संपायला अडीच पानं उरली असताना भाऊसाहेबांचे वरचे पुढचे चार दात पुस्तकावर पडले. चारही एकमेकांना धरून पडले, कारण ते मुळात एकाच तुकड्याचे होते. अकरा वर्षांपूर्वी मधले दोन दात गेले, तेव्हा शेजारच्या दोघांना घासून बारीक करून त्यांच्या आधारावर हा जोड बसवला होता. आता त्या दोन शेजाऱ्यांनीच मान टाकली होती. जोड पुस्तकावरून टेबलावर घरंगळला आणि मायक्रोफोनच्या बुडाशी जाऊन थांबला. भाऊसाहेबांनी आधी आजूबाजूला पाहिलं. ध्वनिमुद्रणाच्या त्या बंद खोलीत दुसरं कोणी असणं शक्यच नव्हतं, तरी माणूस पाहतोच. मग त्यांनी दात उचलून रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले.

"भाऊसाहेब, काहीतरी पडलं," काचेपलीकडून कानात आवाज आला. "लहान आहे, पण पोकळ नाही."

हे कानमास्तर. जन्मापासून दिसत नसलेले हे गृहस्थ आयुष्यभर शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाले होते आणि आता अंधांसाठीच्या या वाचनालयात प्रत्येक बोलकं पुस्तक ऐकून तपासत. पान उलटल्याचा आवाज, गिळल्याचा आवाज, शेजारच्या इमारतीतला पाण्याचा पंप, काही म्हणता काही त्यांच्या कानांतून सुटत नसे. भाऊसाहेबांना "चष्मा पडला" असं सांगायचं होतं. पण तोंडातून जे बाहेर आलं ते सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं होतं.

"हं," कानमास्तर म्हणाले. "आज इथेच थांबू या."

भाऊसाहेबांचं सगळं आयुष्य नोंदणी कचेरीच्या नक्कल विभागात गेलं होतं. तिथली कामाची पद्धत अशी की एकाने मूळ दस्त मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने हातातली नक्कल त्याबरहुकूम ताडून पाहायची. चौतीस वर्षं भाऊसाहेब मोठ्याने वाचत होते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं. त्यात कोणाचं नशीब उघडलं, कोणाचं घर बुडालं, पण त्यांचा आवाज कधी हलला नाही. वाचणाऱ्याने मजकुराच्या मध्ये येऊ नये, असं त्यांचं तत्त्व होतं आणि त्या तत्त्वाचा त्यांना अभिमान होता. निवृत्तीनंतर वाचनालयात वाचक म्हणून नाव नोंदवलं, तेव्हाही ते हेच तत्त्व बरोबर घेऊन गेले. चौथ्या प्रकरणात एके ठिकाणी त्यांनी सवयीने "स्वल्पविराम" असंही वाचलं होतं. कानमास्तरांना ती लेखकाची शैली वाटली, म्हणून ते राहून गेलं.

पुस्तक जाडजूड होतं, सत्तावीस प्रकरणांचं. दोन दिवसांसाठी म्हणून भाचीकडे आलेला एक मामा अकरा वर्षं राहतो, अशी एकूण कथा. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-दोन तास, असं करत चौदा महिने भाऊसाहेब ते वाचत होते. तयार होतील तशी प्रकरणं श्रोत्यांना जात. अठ्ठावीस श्रोते एकोणिसाव्या प्रकरणाची वाट पाहत होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी तर फोन करून विचारलं होतं, की मामा फार आजारी आहेत का, म्हणजे तसं असेल तर त्या पुढचं ऐकणार नाहीत.

आता मुद्दा असा, की वाचनालयाचा एक नियम होता. एका पुस्तकाला एकच आवाज. आणि सहा महिन्यांत वाचक पुढे वाचू शकला नाही, तर झालेलं सगळं पुसून पुस्तक पहिल्या पानापासून दुसऱ्या वाचकाला द्यायचं. नियम वाईट नव्हता. पण भाऊसाहेबांना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि त्याचं कारण फक्त दात नव्हते. चौतीस वर्षांत त्यांनी जे काही केलं त्या सगळ्यावर "खरी नक्कल" असा शिक्का होता. दुसऱ्याच्या मजकुराची, दुसऱ्यासाठी. स्वतःचं म्हणून दाखवता येईल असं त्यांच्याकडे काय होतं, तर ही एकोणीस प्रकरणं. आणि आता तीही पुसली जाणार होती.

"अहो, दात लावता येतात," बायको म्हणाली. "आवाज काही पडलेला नाही तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर हजर झाले. निवृत्त इंजिनिअर हा शेजारी म्हणून लाभला तर घरातली कोणतीही गोष्ट साधी राहत नाही. भाऊसाहेबांनी घरात खिळा ठोकला तरी हे वरून खाली येऊन भिंत कोणती भार घेते ते सांगत. त्यांनी भाऊसाहेबांना खिडकीशी उभं केलं, टॉर्च लावून तोंडात पाहिलं आणि निकाल दिला.

"तुमचा पूल गेलाय, भाऊसाहेब. दोन खांबांवर चार गाळ्यांचा भार. कोणी मंजूर केला होता हा आराखडा? आता पूल-बिल काही नको. सरळ पायाच घाला. इम्प्लांट."

"या वयात?" भाऊसाहेबांनी फुसफुसत विचारलं.

"इमारत जुनी असली की पाया घालत नाहीत का? डॉक्टरांकडे मी येतो बरोबर. प्रश्न मी विचारीन, तुम्हाला आता तसंही बोलता येत नाही."

तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर वयाने भाऊसाहेबांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी जबड्याचा स्कॅन पडद्यावर लावला आणि पेनाने एक करडी रेघ दाखवली.

"या दोन मुळ्या काढायला लागतील. आणि इथलं हाड पातळ झालंय. ते आधी भरायचं, त्याला चार महिने. मग धातूचे दोन स्क्रू हाडात बसवायचे, ते हाडाशी एकजीव व्हायला तीन महिने. मग त्यांच्यावर चार दात."

"भार किती घेतील?" इंजिनिअरांनी विचारलं.

"सफरचंदाचा घेतील," डॉक्टर म्हणाल्या. "आपण पेशंटचे कोण?"

"वरचा मजला," इंजिनिअर म्हणाले.

भाऊसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. चार आणि तीन, सात. त्यांनी टेबलावरचा कागद ओढून त्यावर लिहिलं: 'सहा महिन्यांत हवेत. तातडीची काही सोय?' कारण नक्कल विभागात साधी नक्कल आणि तातडीची नक्कल असे दोन प्रकार असत आणि जगात सगळीकडे तशी सोय असते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"हाडाला तारखा कळत नाहीत, काका," डॉक्टर म्हणाल्या. "काढता-घालता येणारी दातांची प्लेट मधल्या काळासाठी देते. पण त्यावर फार भरवसा नका ठेवू. आणि रक्तातली साखर आधी ताब्यात आणा." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही वरचा ओठ सारखा असा दाबून का धरता?"

'सवय,' भाऊसाहेबांनी लिहिलं. आणि ते खरंच होतं. जोड बसवल्यापासून तो किंचित हलत असे. तो दिसू नये म्हणून ओठ खाली आणि हसू आलंच तर उजवा हात वर, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली होती की आपण काही करतो आहोत हे त्यांना जाणवतही नसे. ऑफिसात याचा फायदाच झाला होता. भाऊसाहेब कधी हसत नाहीत म्हणून हाताखालचे लोक त्यांना घाबरून असत.

मुळ्या काढून हाड भरायच्या दिवशी भाऊसाहेबांनी आधी संमतीपत्र वाचायला घेतलं. सगळं वाचलं, दोन चुका दुरुस्त करून बाजूला सही केली आणि नर्सला त्याची नक्कल मागितली. मग खुर्चीत बसून डोळे मिटले. घरून निघताना त्यांनी बायकोला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून ठेवलं होतं. हिरडीत सुई टोचली, मग नुसतं दाबल्यासारखं वाटलं, मग डॉक्टर आणि नर्स एका पडद्याच्या कापडाविषयी बोलत होत्या, आणि मग डॉक्टर म्हणाल्या, "झालं." पाऊण तासही झाला नव्हता. आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग आणि तो पडद्याच्या कापडाच्या गप्पांत उरकला जावा, याचा भाऊसाहेबांना थोडा अपमान वाटला.

पुढचे चार महिने हे वाट पाहण्याचे होते आणि वाट पाहणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला लोकांकडे भरपूर वेळ असतो. इंजिनिअर दर रविवारी येऊन 'क्युअरिंग' कसं चाललंय ते विचारत आणि ताज्या सिमेंटला मारतात तसं पाणी जास्त प्या म्हणत. भाऊसाहेबांच्या वहिनींनी फोनवर सांगितलं, की त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असे स्क्रू बसवले आणि तेव्हापासून त्यांना विमानतळावर अडवतात. भाऊसाहेब आयुष्यात विमानात बसलेले नव्हते, तरी दोन दिवस त्यांना ती काळजी पुरली. वाचनालयातून मात्र मुदतीआधीच एक लिफाफा आला. त्यात 'ध्वनिमुद्रण पुसण्यास वाचकाची संमती' असा छापील अर्ज होता आणि खाली कारणाची चौकट. वाचक परगावी गेला, वाचक आजारी, वाचक मयत. योग्य तिथे खूण करा.

भाऊसाहेबांनी अर्ज कपाटात ठेवून दिला. संमतीशिवाय पुसता येत नाही, हे त्यांनी वाचनालयाच्या कारकुनाकडून वदवून घेतलं होतं. महिन्याने स्मरणपत्र आलं. सोबत पुन्हा तोच अर्ज. भाऊसाहेबांनी दोन्हींना पोच दिली आणि मजकुराबाबत मौन पाळलं. कचेरीत घालवलेली चौतीस वर्षं अशी कुठेतरी कामी येतात.

पाचव्या महिन्यात हाड भरून आलं, दोन स्क्रू बसले आणि वरून हिरडी शिवून टाकली. सहावा महिना संपायच्या आत आपण वाचू शकतो एवढं दाखवलं तर नियमातून सुटका होईल, असं कारकून म्हणाला होता. म्हणून भाऊसाहेबांनी मधल्या काळातली ती प्लेट लावून चाचणीला जायचं ठरवलं. अडचण एकच होती. 'त' म्हटलं की प्लेट टाळूपासून सुटे आणि 'ट' म्हटलं की परत बसे, आणि दोन्ही वेळा टक्क आवाज होई. तिला चिकटवायची एक पूड मिळते. डबीवर चिमूटभर लिहिलं होतं.

"कारखान्यातले लोक सुरक्षित आकडा लिहितात," इंजिनिअर म्हणाले. "महत्त्वाच्या कामाला दुप्पट."

भाऊसाहेबांनी तिप्पट लावली. वाचनालयात पोचेपर्यंत पुडीने ओल धरून असा काही गोंद केला की प्लेट तर बसलीच, पण वरचा ओठही तिच्याशी बसला. खोलीत लाल दिवा लागला. भाऊसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि जे बाहेर आलं त्याला भाषा म्हणता आलं नसतं. काचेपलीकडे कानमास्तर हेडफोन हातांनी दाबून पुढे वाकले. पंधरा मिनिटांनी ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या ताई कोमट पाण्याचा पेला घेऊन आत आल्या. पेल्यावर पेले झाले. शेवटी ओठ सुटला, पण तोवर चाचणीची वेळ संपली होती आणि ताईंच्या चेहऱ्यावर जी दया होती ती भाऊसाहेबांना कोणत्याही नकारापेक्षा जास्त लागली. ते घरी चालत आले. बायकोने दार उघडलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आता संमती द्या नाहीतर प्रकरण वाचनालयाच्या समितीपुढे जाईल, असं तिसरं पत्र आलं. समितीपुढे आपली बाजू मांडायला 'वाचकाचा आवाज पूर्ववत झाला आहे' असा डॉक्टरांचा दाखला हवा होता. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, मी दातांचा दाखला देईन, आवाज माझ्याकडे येत नाही. घशाच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि म्हणाले, घसा उत्तम आहे, आधीही उत्तम होता, मग पूर्ववत कसला झाला? भाऊसाहेबांना त्या उत्तराचं कौतुकच वाटलं. नक्कल विभागात ते स्वतः असंच उत्तर देत असत. समितीची बैठक मात्र सदस्य न जमल्याने तीनदा पुढे गेली आणि तेवढ्यात आठवा महिना उजाडला.

चार दात बसले तेव्हा डॉक्टरांनी आरसा दिला. भाऊसाहेबांनी आरशात पाहिलं आणि लगेच ओठ मिटला.

"उघडा," डॉक्टर म्हणाल्या. "आता काही हलत नाही. हळूहळू खात्री पटेल."

खात्री पटायला आठवडा गेला. पहिल्या दिवशी त्यांनी सफरचंद चिरून मागितलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून एक अख्खं उचललं आणि चावलं. तो आवाज घरभर गेला असणार, कारण बायको बाहेरच्या खोलीतून येऊन दारात उभी राहिली. फोनवर पत्ता सांगताना आता कोणी "काय म्हणालात?" म्हणत नव्हतं. दुकानात उजव्या हातात पिशवी घेता येते, हाही शोध लागला. इतकी वर्षं तो हात तोंडाजवळच्या कामाला लावलेला होता आणि सगळं ओझं डाव्याने वाहिलं होतं.

सातव्या दिवशी संध्याकाळी इंजिनिअर पायाची पाहणी करून, प्रत्येक दातावर नखाने टिचकी मारून गेले. दार लावता लावता बायको म्हणाली, "बरं झालं, तुमच्या तोंडात भुयारी मार्ग नाही काढला त्यांनी."

भाऊसाहेब हसले. हात वर गेला नाही, ओठ खाली आला नाही. मोकळं, मोठ्याने हसले.

बायको कडीवर हात ठेवून तशीच थांबली. "म्हणजे तुम्हाला कळत होतं तर," ती म्हणाली.

"काय?"

"मी बोललेलं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपलं बोलणं तुम्हाला पोरकट वाटतं. मी कमी केलं मग बोलायचं."

भाऊसाहेबांना आठवत होतं, ती जेवताना काही बोलायची आणि ते हात तोंडावर धरून ताटात पाहायचे. हसत असायचे. पण हे तिला कसं कळणार होतं? "मी हसत असायचो," ते म्हणाले, आणि ते अगदी लंगडं वाटलं. ती म्हणाली, "असू दे. आता कळलं ना." आणि दिवा लावायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. भाऊसाहेब कुठलाही दाखला न घेता सरळ वाचनालयात गेले आणि कानमास्तरांसमोर बसले. म्हणाले, मी एकोणिसाव्या प्रकरणाची राहिलेली अडीच पानं वाचतो, तुम्ही ऐका, आणि आवाज जुळला तर माझी एकोणीस प्रकरणं राहू द्या. समितीने तुमचा शब्द कधी मोडलेला नाही.

"जुळतो का ते तुम्हीच ठरवा," कानमास्तर म्हणाले. "तुम्ही तुमचं वाचलेलं कधी ऐकलंय?"

भाऊसाहेबांनी ऐकलं नव्हतं. नक्कल एकदा ताडून दिली की परत कोण वाचतो? कानमास्तरांनी हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि दुसरं प्रकरण लावलं. मामा पेटी घेऊन दारात उभा आहे. भाची विचारते, किती दिवस राहणार. मामा म्हणतो, दोनच दिवस, म्हणून तर आठच सदरे आणलेत आणि छत्री एकच.

भाऊसाहेब ऐकत होते. कोणीतरी मिटल्या ओठांआडून, घाईने, एकेक शब्द जपून पुढे सरकवत होता. पेटीतल्या वस्तूंची ती यादी म्हणजे थेट मृत माणसाच्या मालमत्तेचा पंचनामा वाटत होता. वाक्य संपायच्या आत श्वास अडत होता. त्या माणसाला काहीतरी दुखत होतं, किंवा कशाची तरी भीती होती. भाऊसाहेबांना त्याची दया आली, आणि मग तो माणूस कोण हे आठवलं.

"मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं," कानमास्तर म्हणाले. "काहीतरी हलतंय आणि हा माणूस ते धरून ठेवतोय. पण अक्षर चुकत नव्हतं, मग काय सांगणार? हसू ऐकू येतं, भाऊसाहेब. नसलं तर तेही ऐकू येतं."

भाऊसाहेबांनी पुस्तक उघडून तेच पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. कोणासाठी नाही, नुसतं पाहायला. दोनच दिवस, म्हणून तर आठच सदरे आणलेत. त्यांचा आवाज मध्येच फुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि छत्रीपाशी पुन्हा अडकले. तिसऱ्यांदा तर भाचीचा प्रश्नही पुरा झाला नाही. शेजारी कानमास्तरांचे खांदे हलत होते. काचेपलीकडून ताई उठून पाहायला लागल्या. चौदा महिने भाऊसाहेबांनी हे पुस्तक वाचलं होतं, आणि ते विनोदी आहे हे त्यांना आज कळत होतं.

भाऊसाहेबांनी पुस्तक मिटून त्यावर हात ठेवला. एकोणीस प्रकरणं. त्यांच्या नावावर होती ती, आणि आठ महिने त्यांनी ती कपाट लावून सांभाळली होती. मग ते उठले, बाहेर कारकुनाच्या टेबलापाशी गेले आणि संमतीचा अर्ज मागितला.

"तीन पाठवलेत घरी," कारकून म्हणाला.

"चौथा द्या. आणि पुस्तक माझ्याच नावावर ठेवा, पहिल्या पानापासून."

त्यांनी सही केली, तारीख घातली. कारकुनाने कारणाच्या चौकटीवर बोट ठेवलं. परगावी, आजारी, मयत. भाऊसाहेबांनी तिन्ही खोडले, बाजूच्या कोऱ्या जागेत आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'वाचकाने पुस्तक वाचलेले नव्हते', आणि नक्कल न मागता आत वाचायला गेले.